नावाडिणीचं काय होणार?

१

सोमवारी सकाळी रबरबाई कामावर आल्या, तेव्हा चहाच्या मशीनपाशी चिटपाखरूही नव्हतं. ज्या ऑफिसात आधी चहा होतो आणि मग त्या चहावर चर्चा होते, तिथे सगळे मान खाली घालून मुकाट बसले होते.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलं नव्हतं. 'धूम्रनदी' नावाचा खेळ या ऑफिसात तयार व्हायचा. हजारो माणसं आपापल्या घरून कॉम्प्युटरवर त्या नदीकाठच्या राज्यात शिरायची, राक्षस मारायची आणि हळूहळू पुढे सरकणारी गोष्ट बघायची. गोष्टीच्या एकेका भागाला पर्व म्हणत. दुसऱ्या पर्वात मेलेला सरदार चौथ्या पर्वात घोड्याचा भाव करताना दिसला, तर त्याला खोडून काढणं हे बाईंचं काम. म्हणून त्या रबरबाई. हे नाव त्यांना मनातून आवडायचं, पण तसं त्या कबूल करत नसत.

"रबरबाई, आत या!" कॅप्टनने हाक मारली. कॅप्टन म्हणजे ऑफिसचा प्रमुख. जन्मात कधी जहाजावर पाय ठेवला नव्हता, पण बोलणं असं की बाहेर वादळ सुटलंय.

कॅप्टनच्या पडद्यावर 'कट्टा' उघडा होता. खेळाचे चाहते जमून गप्पा छाटतात, ती जागा. गेले कित्येक दिवस तिथे एकच विषय चघळला जात होता: येत्या सहाव्या पर्वात नावाडिणीचं काय होणार? नावाडीण म्हणजे धूम्रनदीच्या घाटावरची म्हातारी. पहिल्या पर्वापासून सगळ्यांना या काठावरून त्या काठावर नेणारी, जाता जाता गोष्टी सांगणारी. कोणी म्हणे, तिला ड्रॅगन जाळणार. कोणी म्हणे, ती राणीची हरवलेली बहीण आहे, तिला विष घालणार. एका शहाण्याने तर सिद्ध केलं होतं, की ती पहिल्या पर्वातच मेली असून आपण बघतो ते तिचं भूत आहे. तिच्या मरणावर पैजा लागल्या होत्या.

आणि काल त्यात कोणा 'पैलतीर' नावाच्या माणसाने हे लिहिलं होतं:

"नावाडीण मरणार नाही. ती वल्हं दुसऱ्याच्या हातात देईल आणि पुन्हा कधी बोलणार नाही. नावेत बसून राहील, पण बोलणार नाही. वल्हं घाटावरच्या जकातवाल्याच्या धाकट्या मुलीला मिळेल. नेहमी धाकटीलाच मिळतं. पैजा लावणाऱ्यांनी आता गप्प बसावं."

"मग?" रबरबाईंनी विचारलं.

"मग काय! हाच शेवट आहे. वल्हं देते आणि गप्प होते. तुम्हालासुद्धा सांगितला नव्हता." कॅप्टनने टेबलावर हात आपटला. "तो प्रसंग आपण कागदावर उतरवलाच नाही. शाईने एकेक वाक्य तोंडी सांगितलं, काकूंनी नावाडिणीच्या आवाजात म्हटलं, आपल्या ध्वनीवाल्या कानने टिपलं. खोलीत तिघंच होते. मला शाईने नंतर दोन ओळींत सांगितलं. म्हणजे त्या तिघांपैकीच कोणीतरी घरभेदी आहे."

"आणि तुमच्या मते कोण?"

"गोष्ट जिची, तोंड तिचं. शाई. परवा संध्याकाळपर्यंत मला नाव द्या, नाहीतर शाईने दुसरी नोकरी बघावी. आणि शेवट मी बदलतोय. नावाडिणीला ड्रॅगन जाळेल. त्या प्रसंगाला बोलणं लागत नाही. काकूंचं ते रेकॉर्डिंग टाकून द्या."

काचेपलीकडे शाई उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं असावं. पण ती नोकरीच्या नावाने दचकली नाही. रेकॉर्डिंग टाकून द्यायचं म्हटल्यावर मात्र तिने तोंडावर हात घेतला.

२

शाई म्हणजे खेळाची लेखिका. बोटांना कायम पेनाचे डाग, म्हणून हे नाव. वय लहान, आणि गप्प बसायची ताकद मात्र दगडाची.

रबरबाईंनी तिला जिन्यावर गाठलं आणि शेजारी बसकण मारली.

"तू फोडलंस का गं?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"तेही सांगता येणार नाही."

"बरं, मला एवढं तरी सांग. मूळ बेतात नावाडीण पुरात वाहून जाणार होती. ते मीच तपासलं होतं. मग पूर गेला कुठे?"

शाई पायरीवरचा रंग नखाने खरवडत राहिली. "मी कोणालातरी शब्द दिलाय, रबरबाई. नोकरी गेली तर जाऊ दे. पण ते रेकॉर्डिंग वाचवा. ते पुन्हा होणार नाही."

पुन्हा होणार नाही! रबरबाईंनी हे वाक्य मनात ठेवून दिलं. एकदा बिघडलेलं रेकॉर्डिंग दहादा करायचं, ही तर या ऑफिसची रीतच होती.

"शेवट तरी सांग. आता तो काय, गावभर झालाय."

शाईने डोळे पुसले. "नाव मधोमध थांबते. नावाडीण वल्हं पुढे करते आणि म्हणते, 'हे घे. आता तू वल्हव.' खेळणाऱ्याने वल्हं घेतलं, की झालं. त्यानंतर ती बोलत नाही. न घेतलं तर थांबते आणि पुन्हा तेच म्हणते. घेईपर्यंत म्हणत राहते."

"खेळणाऱ्याने? जकातवाल्याच्या धाकट्या मुलीने नव्हे?"

"छे हो! जो कोणी नावेत बसेल, त्या प्रत्येकाला मिळतं. काकूंनी हट्टच धरला होता. म्हणाल्या, एकीलाच द्यायचं नाही." आणि मग शाईची मान एकदम वर आली. "धाकट्या मुलीचं कोण म्हणालं?"

"तू पैलतीरचं लिहिलेलं वाचलंच नाहीस वाटतं?"

"पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि बंदच केलं."

रबरबाई उठल्या. ज्याने हा प्रसंग ऐकला, त्याला वल्हं कोणाला मिळतं हे माहीत असणारच. सगळा प्रसंग त्याचसाठी तर रचलाय. पैलतीरला ते माहीत नव्हतं. म्हणजे त्याने प्रसंग ऐकला नव्हता, ऐकलेल्याकडून त्याला कळलाही नव्हता. मग नावाडीण गप्प होणार, एवढं एकच त्याला कसं कळलं?

३

कान हा ध्वनीचं काम बघणारा. त्याच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आणि स्वतः इतका हळू बोलणार की समोरच्याने कान द्यावा. रबरबाईंना पाहताच त्याने पडद्यावरची खिडकी झटकन बंद केली.

"उघड," रबरबाई म्हणाल्या.

"खासगी आहे."

"उघड म्हणते ना. कट्ट्यावर 'ड्रॅगनभाऊ' नावाने कोण लिहितं, ते मला माहीत आहे. ड्रॅगनची डरकाळी म्हणजे अडकलेल्या ड्रॉवरचा आवाज, हे लिहायला तुला कोणी सांगितलं होतं? तो ड्रॉवर माझ्या टेबलाचा आहे."

कानचा चेहरा पडला. त्याने खिडकी उघडली. ड्रॅगनभाऊंनी कट्ट्यावर लांबलचक पुरावे देऊन मांडलं होतं, की नावाडीण हीच मुळात ड्रॅगन आहे आणि तिचं वल्हं म्हणजे शेपटी.

"पोरांची दिशाभूल करत होतो," कान पुटपुटला. "कॅप्टनचं भलंच चिंतत होतो."

"शेपटी!" रबरबाईंना हसू आवरेना. "असो. चोर तू नाहीस. चोराला एवढं वाईट सुचत नाही. आता मला काकूंचा आवाज ऐकव. पहिलं पर्व आणि पाचवं पर्व."

काकू म्हणजे नावाडिणीला आवाज देणाऱ्या. साठीच्या, किरकोळ बांध्याच्या, आणि माइकपुढे बसल्या की एकदम नदीएवढ्या. पहिल्या पर्वातली नावाडीण एका दमात घाटाचा इतिहास सांगत होती. पाचव्या पर्वातली म्हणाली, "बस. नीट बस. पाणी वाढलंय." आणि दोन शब्दांमध्ये बारीक श्वास.

"तू श्वास कापतोस ना सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे कापतो. तेच तर काम. आवाज स्वच्छ हवा." कानने मान वळवली. "काकूंचे पाचव्या पर्वात कापले नाहीत. कापले की मागे काही उरतच नव्हतं. मला वाटलं सर्दी झालीय. म्हातारीला शोभतंय, म्हणून राहू दिलं."

रबरबाईंना आठवलं. पाचव्या पर्वाच्या वेळी त्यांनीच शाईला निरोप धाडला होता: नावाडीण एकाएकी इतकी तुटक का बोलते, स्वभावाला धरून नाही, दुरुस्त करा. शाईने उलट कळवलं होतं: असंच राहू द्या. तेव्हा त्यांना वाटलं, पोरगी शेफारली.

"कान, तू रात्रंदिवस आवाज ऐकणारा माणूस. तुला सर्दी वाटली. मग ज्याला सर्दी वाटली नाही, त्याचे कान कसे असतील?"

कान विचारात पडला. मग नेहमीपेक्षाही हळू म्हणाला, "माझ्याहून चांगले असायची गरज नाही. त्याने हा आवाज असा जाताना आधी एकदा ऐकला असेल."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी रबरबाईंनी पैलतीरची खेळातली हकीकत काढून पाहिली आणि चाटच पडल्या. एकही राक्षस मारलेला नाही. एकही मित्र नाही. अंगात सुरुवातीला फुकट मिळतो तोच सुती अंगरखा. हा गडी रोज सकाळी घाटावर यायचा, नावेत बसायचा, पलीकडे जायचा, उतरायचा नाही, आणि तसाच परत यायचा. दुपारपर्यंत या काठावरून त्या काठावर. पुढचं सगळं राज्य त्याने पाहिलेलंच नव्हतं.

रबरबाई खेळात शिरल्या. ऑफिसच्या पात्राला सोनेरी फेटा होता, तो आधी उतरवून ठेवला. तपासाला जाताना नवरदेवासारखं काय जायचं! घाटावर धुकं होतं. नावेत सुती अंगरख्यातला एकच उतारू. त्या शेजारी बसल्या. "बस," नावाडीण काकूंच्या आवाजात म्हणाली. "नीट बस."

"तुम्ही पुढे का जात नाही?" रबरबाईंनी टाइप केलं. "पलीकडे राजवाडा आहे, खजिना आहे."

उत्तराला बराच वेळ लागला. एका बोटाने अक्षरं शोधणारं माणूस असावं.

"खजिना घेऊन काय करू. इथं बरं आहे."

"इथपर्यंत तरी कसे आलात? वाटेत लांडगे असतात."

"खाल्लं त्यांनी. पुष्कळदा. शेजारच्या मुलीने वाट दाखवली. तिच्या घरातून भिंतीपलीकडे आवाज ऐकू आला या बाईचा. हातातलं टाकून धावत गेले."

रबरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. कट्ट्यावर सगळे पैलतीरला पुरुष समजून चालले होते.

"नावाडीण गप्प होणार, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनेच. रोज सांगते. आधी वाक्यं आखूड होतात. मग दोन शब्दांवर श्वास लागतो. मग शब्दाचं शेपूट गळतं. मग कुजबुज. मग काही नाही. माणूस मात्र राहतं. वर्षानुवर्षं राहतं. त्या पोरांना सांगा, पैजा लावू नका म्हणावं. मरत नाही."

पडद्यावरची ती अक्षरं रबरबाईंना धूसर दिसायला लागली. त्यांनी चष्मा पुसला, पण दोष चष्म्याचा नव्हता.

"आणि वल्हं? ते धाकटीलाच मिळणार, असं का वाटतं?"

 नाव काठाला लागली. सुती अंगरखा क्षणभर तसाच बसून राहिला आणि दिसेनासा झाला.

५

काकू रेकॉर्डिंगच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. गळ्याभोवती मऊ रुमाल, हातात कोमट पाण्याचा पेला. कॅप्टनने काय ठरवलंय, ते शाईने त्यांना कळू दिलं नव्हतं.

रबरबाईंनी वाटेत दहा प्रश्न जुळवले होते. समोर बसल्यावर त्यातला एकही त्यांनी विचारला नाही.

"काकू, तुमच्या आई काय करायच्या?"

पेला ओठांपाशीच थांबला.

"रेडिओवर. गोष्टी सांगायची. लहान मुलांना," काकू म्हणाल्या. बोलणं तुटक, पण गोड. "का?"

"त्यांचा आवाज गेला का हो?"

काकूंनी पेला खाली ठेवला. शाईने सांगितलं की काय, असा एक राग चेहऱ्यावर येऊन गेला. मग त्यांनी रबरबाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो विरला.

"गेला. गळ्याचं दुखणं. मलाही तेच. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार." त्यांनी दम घेतला. "शाईला सांगितलं. शपथ घातली. कीव नको होती. काम हवं होतं."

"म्हणून पुराच्या जागी तिने नावाडिणीला गप्प केलं."

"माझ्यासाठी. म्हणाली, काकू, मारणार नाही मी तुम्हाला."

 रबरबाईंना त्यांचा हात धरावासा वाटला, आणि त्यांनी तो धरला.

"आवाज गेल्यावर आईंनी काय केलं?"

"मला नेलं. रेडिओवर. स्वतःच्या खुर्चीत बसवलं. कुजबुजली, आता तू."

"तुम्ही घरात धाकट्या."

काकू चमकल्या. "कोणी सांगितलं?"

"आणि थोरली?"

याचं उत्तर द्यायला काकूंना श्वासाहून जास्त काहीतरी लागलं. "अक्का. बाहेर बाकावर बसली होती. आमच्या पिशव्या सांभाळत. गोष्टी तीच पाठ करून घ्यायची माझ्याकडून. तिचा आवाज... माझ्याहून चांगला. आईने तिच्याकडे पाहिलंच नाही."

"मग?"

"नोकरी धरली तिने. लांब. फोन कमी झाले. मग बंद. भांडण झालं असतं तर बरं. मिटवता आलं असतं. भांडणच झालं नाही." त्यांनी रुमाल घट्ट केला. "म्हणून म्हटलं शाईला. वल्हं एकीलाच देऊ नको. मागे कोणीतरी बाकावर राहतं."

रबरबाईंनी मोबाइलवर पैलतीरचं लिहिणं काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. काकू कट्टा कधी वाचत नसत. त्या सावकाश वाचत गेल्या. 'नेहमी धाकटीलाच मिळतं' इथे आल्या आणि त्यांचं बोट पडद्यावरच राहिलं.

"रबरबाई," त्या कुजबुजल्या, "ही कुठे असते?"

"रोज सकाळी," रबरबाई म्हणाल्या, "तुमच्या नावेत."

६

बुधवारी दुपारीच सगळे कॅप्टनच्या खोलीत जमले. शाई दाराला टेकून, कान कोपऱ्यात, काकू खुर्चीत. सगळं सांगायची परवानगी काकूंनीच दिली होती.

"घरभेदी सापडला?" कॅप्टनने विचारलं.

"घरभेदी नाहीच. घरचं माणूस सापडलं," रबरबाई म्हणाल्या. "तुम्ही अर्धं वाचलंत आणि पोरीला फासावर चढवलंत. पैलतीरची पुढची वाक्यं बघा. वल्हं जकातवाल्याच्या मुलीला मिळेल म्हणते. आपल्या शेवटात ते प्रत्येक खेळणाऱ्याला मिळतं. खोलीतल्या तिघांना हे पक्कं माहीत होतं. त्यांच्यापैकी कोणी फोडलं असतं, तर ही चूक झालीच नसती."

"दिशाभूल केली असेल."

"ज्याला दिशाभूल करायची, तो खरं गुपित आधी सांगून खोटं शेवटी जोडत नाही. दिशाभूल कशी करतात ते कानला विचारा. शेपटीपासून सुरुवात करतात."

कान छताकडे बघायला लागला.

"आता दुसरं. नावाडीण गप्प होणार, मरणार नाही, हे तिला कुठून कळलं? गोष्टीतून नाही, आवाजातून. पाचव्या पर्वात कानने श्वास कापले नाहीत, शाईने वाक्यं आखूड केली. हे सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं आणि चूक म्हणून खूण केली. पण असा आवाज जातो आणि माणूस पुढे वर्षानुवर्षं राहतं, हे कोण सांगेल? ज्याने घरात ते पाहिलंय तोच. आणि जाणाऱ्या आवाजाची जागा नेहमी धाकटीलाच मिळते, हे कोण म्हणेल? जिला ती मिळाली नाही, ती थोरली. काकूंच्या आईंचं असंच झालं. पैलतीर म्हणजे काकूंची अक्का. तिने गुपित फोडलं नाही, कॅप्टन. पोरं बहिणीच्या मरणावर पैजा लावत होती, ते तिला सहन झालं नाही."

 कॅप्टनने काकूंकडे पाहिलं आणि त्याचा वादळातला आवाज पार बसला.

"काकू, मला का नाही सांगितलंत?"

"तू रडला असतास," काकू म्हणाल्या. आणि तो खरोखरच नाक ओढायला लागला होता.

"पण शेवट तर फुटला ना," त्याने तशातही कुरकुर केली.

"खालची उत्तरं वाचा की. एक म्हणतो, पैलतीर झोपेत लिहितो. दुसरा म्हणतो, गप्प बसणारी म्हातारी कोणी पाहिलीय का? कोणाचा काडीचा विश्वास नाही. आणि वल्हं कोणाला, ते अजून कोणालाच माहीत नाही."

कॅप्टनने शाईकडे वळून हात जोडले. "चुकलो गं बाई. ड्रॅगनला सुट्टी दे."

शाई हसली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच चहाच्या मशीनकडे गेली.

पण काकूंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी कानला खूण केली. "मला नावेत बसव."

काकूंनी नावाडिणीला इतकी वर्षं आवाज दिला, पण खेळ कधी खेळला नव्हता. त्यांचं पात्र आधी झाडावर आपटलं, मग सरळ नदीत चालत गेलं. कानने बाहेर काढलं. दुपार टळायला आली होती आणि सगळ्यांच्या मनात एकच धास्ती, की घाटावर आता कोणी नसेल. धुक्यातून नाव आली. सुती अंगरखा आत बसलेला होता.

"टाइप करा, काकू," शाई म्हणाली.

काकूंनी मान हलवली आणि माइक ओढून घेतला. खेळात बोललेलं शेजारच्या उतारूला ऐकू जातं. डॉक्टरांनी त्यांना आवाज जपून वापरायला सांगितलं होतं. त्या वाकल्या आणि लहानपणी पलंगावर जागेसाठी भांडताना म्हणत, तसं म्हणाल्या:

"अक्का, सरक ना जरा."

पडद्यावर काहीच हललं नाही. नाव अर्ध्या नदीत पोचली. शाईने रबरबाईंचा दंड धरला होता आणि तो दुखत होता, तरी रबरबाईंनी सोडवून घेतला नाही.

मग सुती अंगरख्यातलं ते पात्र उठलं, एक जागा बाजूला सरकलं आणि पुन्हा बसलं. थोड्या वेळाने एकेक अक्षर करत ओळ उमटली.

"ये. गार पाणी पिऊ नकोस."

७

अक्का ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात दोन पिशव्या. दारातूनच असा खणखणीत आवाज लावला, की कानने सवयीने कानांवर हात ठेवले. बहिणी एकमेकींना काय म्हणाल्या, ते कोणी ऐकलं नाही. पण काकूंनी उरलेला आवाज त्या रात्रीत सगळा खर्चून टाकला, एवढं अक्कांनी नंतर सांगितलं.

सहावं पर्व उघडलं तेव्हा काकूंच्या गळ्याची जखम भरत आली होती. त्या ऑफिसात अक्कांशेजारी बसल्या होत्या, मांडीवर हात, अगदी गप्प. पडद्यावर नाव मधोमध थांबली. नावाडिणीने वल्हं पुढे केलं आणि खोलीत काकूंचा आवाज भरला.

"हे घे. आता तू वल्हव."

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. जिच्यासाठी त्या आयुष्यभर बाकावर बसल्या होत्या, ती गोष्ट हातभर अंतरावर आली होती. बटण दाबायचं, की झालं.

"हे घे," नावाडीण पुन्हा म्हणाली. "आता तू वल्हव."

काकूंनी कोपराने ढोसलं, घे ना. अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ऐकत राहिल्या.

कट्ट्यावर आता नवीन वाद पेटला आहे. सगळ्यांनी वल्ही घेतली, सगळ्यांची नावाडीण गप्प झाली, मग पैलतीर अजून नदीच्या मधोमध का बसून आहे? आणि त्याच्या शेजारी बसलेलं, अधूनमधून पाण्यात पडणारं ते दुसरं पात्र कोण? कोणी म्हणतं, खेळात बिघाड आहे. कोणी म्हणतं, सातव्या पर्वाची गुप्त वाट तिथून निघते. त्या दोघी बहिणी असून एकीला दुसरीचा आवाज थांबवायचा नाही, असं ड्रॅगनभाऊंनी लिहून पाहिलं. पण शेपटीच्या प्रकारापासून ड्रॅगनभाऊंचं कोणी मनावर घेत नाही.

परवा रबरबाई त्या दोघींच्या घरी गेल्या होत्या. सकाळची उन्हं खिडकीतून कॉम्प्युटरवर आली होती. नावाडिणीने वल्हं पुढे केलं. काकूंनी बहिणीचा हात धरून बटणापाशी नेला आणि भुवया उंचावल्या.

"उद्या घेते गं," अक्का म्हणाल्या.